अ‍ॅरे की ऑब्जेक्ट? जावास्क्रिप्टमधला नेहमीचा घोळ

पीएचपीवरून जावास्क्रिप्टकडे आलात ना, मग हा घोळ होणारच, कारण पीएचपीत अ‍ॅरे म्हणजे एकच मोठं प्रकरण, त्यात नग नंबराने ठेवा नाहीतर नावाने ठेवा, सगळं खपतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबराने ठेवायचं ते अ‍ॅरेत, नावाने ठेवायचं ते ऑब्जेक्टमध्ये, दोन्हीचा कारभार वेगळा.

समजा इंदूरच्या सराफ्यावर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारावर, एक छोटं पेज बनवताय. पाहुण्यांना आधी भुट्ट्याचा कीस, मग गराडू (तळलेला कंद), मग दहीवडा आणि शेवटी जिलबी, असा क्रम दाखवायचा असेल तर अ‍ॅरे, चौकोनी कंस. मोजणी शून्यापासून, म्हणजे कीस शून्यावर नि जिलबी तीनवर, लेंग्थ चार. (गराडू थंडीतच मिळतं, बाकी दिवस स्प्लाइसने काढून टाका, मागचे आपोआप पुढे सरकतात.) भाव दाखवायचे असले तर मात्र ऑब्जेक्ट, महिरपी कंस. दर.गराडू लिहिलं की भाव समोर, ते कितव्या नंबरवर आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही. व्हेरिएबलचं नाव असं देवनागरीत चालतं बरं का, आकडे तेवढे इंग्रजीच लागतात.

इथपर्यंत कोणालाही कळतं. खरी गंमत दोन्हीची सरमिसळ झाली की. दर नावाच्या रिकाम्या अ‍ॅरेला दर.गराडू म्हणून भाव चिकटवला तर जावास्क्रिप्ट काही बोलत नाही, मुकाट ठेवून घेतं, पण लेंग्थ शून्यच राहते आणि जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) करून पाठवलं की सर्व्हरला नुसते रिकामे कंस पोचतात, मग बसा शोधत. पिनकोडचं उलटं. ४५२००१ हा इंडेक्स, म्हणजे जागेचा नंबर, म्हणून अ‍ॅरेत टाकलात की लेंग्थ थेट ४५२००२, आत नग एकच! तिथे ऑब्जेक्टच बरा, फक्त तो असल्या आकडी कीज (ज्या नावाने नग ठेवला ती नावं) लहान ते मोठ्या अशाच फिरवतो, तुम्ही कशाही भरा. भरलेला क्रम तसाच पाहिजे असेल तर मॅप हा तिसरा प्रकार घ्या, जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून आहे.

हातात काय आहे ते ओळखायला टाइपऑफच्या नादी लागू नका, तो दोन्हीला ऑब्जेक्टच म्हणतो, नलला (‘काहीच नाही’ला) पण! अ‍ॅरे.इजअ‍ॅरे वापरा. आणि फॉर-ऑफ लूप अ‍ॅरेवर सरळ फिरतो, साध्या ऑब्जेक्टवर लावलात तर एरर येते. निदान इथे तरी जावास्क्रिप्ट तोंड उघडतं. तेव्हा ऑब्जेक्टमधल्या जोड्या ऑब्जेक्ट.एन्ट्रीजमधून काढून फिरवायच्या.