रेडिएटरमधलं पाणी जातं कुठे? जुन्या ट्रकच्या मालक-चालकांसाठी माहितीपत्रक

आमचं गॅरेज मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या पंधरा-वीस वर्षं चाललेल्या असतात. कोणी कापूस जिनिंगला नेतो, कोणी तूर-हरभरा, कोणी परतवाड्याकडून संत्री भरतो. मार्च लागला की चालक येऊन एकच वाक्य बोलतात: "भाऊ, पानी त रोज टाकतो, जाते कुठी मालूम नाई."

डिझेल जळतं, पाणी जळत नाही. एकदा भरलेलं पाणी महिनोन्‌महिने तेवढंच राहायला हवं. रोज बाटलीभर लागत असेल तर ते कुठून तरी जातंय. जायच्या वाटा तीनच आहेत: बाहेर, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. कोणती वाट आहे ते कळेपर्यंत पाना हातात घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. वाट न शोधता हेड (सिलिंडरवरचा लोखंडी माथा) उघडलं की पैसा जातो आणि गळती तशीच राहते.

घरी सकाळी एवढं पाहा

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी सेल्फ मारण्याआधी पुठ्ठा बघा. डाग पुढे, फॅनच्या खाली असेल तर रेडिएटर, होज पाइप (रबरी नळी) किंवा वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. डाग ब्लॉकच्या बाजूला असेल तर पत्र्याचे गोल वॉटर प्लग सडलेले असण्याची शक्यता मोठी. वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलं. ते छिद्र खिळा किंवा एम-सील घालून बुजवू नका. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग गेलं की फॅन डुलायला लागतो, आणि डुलणारा फॅन एक दिवस रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

काही गळत्या फक्त इंजिन थंड असतानाच दिसतात. होजची क्लिप सैल झाली असेल तर रात्री रबर आकसतं आणि थेंब पडतात. गाडी गरम झाली की रबर फुगतं, थेंब थांबतात. दुपारी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून सकाळचा पुठ्ठा महत्त्वाचा. थेंब नसला तरी जोडावर पांढरी किंवा हिरवट पापडी दिसली तर पाणी तिथूनच गेलंय, फक्त गरम लोखंडावर वाळून गेलंय.

मग रेडिएटरचं झाकण बघा. ते नुसतं बूच नाही. त्याची स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.५ बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) झाकण नीट धरत असेल तर सुमारे १११ अंशांपर्यंत आणि ०.९ बारचं असेल तर सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की हा दाबच राहत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, मागे भरलेला माल, समोर चढ. अशा वेळी पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ होऊन निघून जातं. झाकणाला काहीशे रुपये लागतात. आम्ही सुरुवात तिथूनच करतो. बदलताना जुन्या झाकणावरचा आकडा बघून तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुनी जाळी फुटते.

बाहेर काहीच दिसत नसेल तर

आम्ही थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावतो, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब देतो आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत राहतो. काटा खाली येतोय पण जमीन कोरडी, म्हणजे पाणी आत चाललंय. मग ऑइलची पट्टी काढतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी तिथून हलवू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चार-पाच किलोमीटरसुद्धा क्रँकच्या बेअरिंगला घातक असतात.

कधी उलटं होतं, रेडिएटरमध्येच ऑइल तरंगतं. तेव्हा पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या भागावर घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की ऑइल पाण्यात येतं. गाडी बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच उतरतो, गरम पाण्याचा मात्र थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात पाणी ऑइलकडे जाऊ शकतं.

इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. अशा गाडीचं पाणी रात्रीत उतरलेलं असेल आणि सकाळी सेल्फ मध्येच अडकला, तर दुसऱ्यांदा मारू नका, धक्का देऊनही चालू करू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढून इंजिन हाताने फिरवावं लागतं.

बुडबुड्यांबद्दल, जरा सविस्तर

चालू इंजिनच्या रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की सगळे म्हणतात, "हेड गॅस्केट गेलं," म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली पातळ पट्टी फुटली. पुष्कळदा ते खरंही असतं. पण एअर ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हवेच्या कंप्रेसरच्या हेडलाही इंजिनचंच पाणी फिरवलेलं असतं. कंप्रेसरचं छोटं गॅस्केट गेलं की दाबाची हवा थेट पाण्यात शिरते, आणि रेडिएटरमध्ये अगदी तसेच बुडबुडे येतात.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. एका गाडीचं हेड उतरवलं, फेसिंग केलं (मशीनवर सपाट केलं), नवं गॅस्केट बसवलं. चार दिवसांनी गाडी परत आली, बुडबुडे तसेच. कंप्रेसर उघडला तर त्याच्या गॅस्केटला मधोमध करंगळीच्या नखाएवढी काळी चीर. त्या मालकाकडून दुसऱ्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: गाडी उभी, चाकांना दगड, टाकीतली हवा सोडलेली, मग कंप्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सैल करून इंजिन चालू करायचं. हवा मोकळी सुटल्यावर बुडबुडे थांबले तर दोष कंप्रेसरचा. नाही थांबले तरच हेडकडे जायचं. तुम्ही दुसरीकडे काम करून घेत असाल तरी ही तपासणी आधी मागून घ्या.

हेड उघडावंच लागलं तर

हेड थंड झाल्यावरच उतरवतो, गरम काढलं की ते वाकतं. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजतो आणि वर्कशॉपमध्ये पाण्याच्या दाबावर हेड तपासून घेतो, कारण दोन वॉल्व्हमधली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. चीर असलेल्या हेडखाली नवं गॅस्केट घालण्यात अर्थ नाही. वाक हातग्राइंडरने घासून काढायची पद्धत अजून दिसते. तसं करू देऊ नका. बसवताना बोल्टची भोकं कोरडी हवीत, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह, जागेवरच ठेवतो. तो काढून टाकला की गाडी थंड राहते असं सांगणारे बरेच आहेत. पण इंजिन नेहमी अर्धवट थंड चाललं की डिझेल जास्त लागतं आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरकडे जाण्याऐवजी बायपासमधूनच फिरत राहतं, आणि चढावर गाडी उलट जास्त गरम होते.

आपल्या भागाचं पाणी

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मेकॅनिकला सांगावी लागत नाही, आपल्याला सांगावी लागते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच आपण रेडिएटरमध्ये ओततो. वाफ झालेलं पाणी मीठ मागे ठेवून जातं. वर पुन्हा खारं पाणी, पुन्हा वाफ. काही महिन्यांत आतलं पाणी बोअरपेक्षा खारट होतं. गॅरेजच्या खिडकीत आम्ही एक वॉटर बॉडी ठेवली आहे, येऊन बघा. तिच्या पंख्याची पाती खाऊन खाऊन कागदासारखी झाली आहेत, दोन तर उरलीच नाहीत. रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी माठाच्या बुडाला चढतो तसा पांढरा थर असतो.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं तर त्यात पाणी घालू नका. घट्ट कूलंट घेतलं तर डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. दोन वेगळ्या प्रकारचं एकत्र करू नका. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, जुनं काढलेलं नालीत किंवा गोठ्याजवळ ओतू नका, जनावर चाटतं. रस्त्यात अडचणीला साधं पाणी टाकावं लागलं तर टाका, पण पोहोचल्यावर सगळं काढून नवं भरा.

हळदीबद्दल. बारीक गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी पद्धत आहे आणि तिने गळती थांबतेही, म्हणून आम्ही तिला नावं ठेवत नाही. मेळघाटच्या रस्त्यावर, धारणीच्या अलीकडे रात्र पडत असेल तर टाका. पण जी हळद भोक बुजवते तीच जाळीच्या नळ्याही बुजवते. गाडीत हळद टाकली असेल तर आम्हाला सांगा, लपवू नका, म्हणजे जाळी आधी धुऊन घेऊ. कापसाच्या हंगामात जाळीवर रुई आणि धूळही बसते. ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून काढा.

घाटात गरम झाली तर

गाडी बाजूला घ्या. झाकणाला हात लावू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. मग जाड पोतं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ पूर्ण सुटू द्या. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतलं की हेडला चीर पडते. आणि चालकासमोरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो. पाणी पूर्ण गेलं की कधी कधी काटा खाली येतो आणि चालकाला वाटतं गाडी थंड झाली.

तपासणीसाठी गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावलीत तर सर्वांत चांगलं, सकाळी थंड इंजिनवर काम सुरू करता येतं. रोज किती पाणी टाकता, ते भरल्या गाडीत की रिकाम्या गाडीत जास्त लागतं, आणि आधी कुठे काय काम केलं, एवढं सांगणारा चालक सोबत पाठवा. काढलेला जुना भाग आम्ही तुमच्या हातात देतो.