शातोनफ-द्यू-पाप

आग्नेय फ्रान्सच्या व्होक्लूझ जिल्ह्यातील, टेकडीवर वसलेले मध्ययुगीन गाव. आव्हिन्यॉनच्या उत्तरेस सु. १२ किमी., ऱ्होन नदीच्या पूर्वेस. येथील तांबडी वाइन जगप्रसिद्ध आहे.

नावाचा शब्दशः अर्थ ‘पोपचा नवा किल्ला’. त्यामुळे पोप बाविसावा जॉन (कार. १३१६–३४) याने टेकडीच्या माथ्यावर बांधलेल्या किल्ल्यावरून गावाला नाव पडले, असा सार्वत्रिक समज आहे. हे बांधकाम १३१७ मध्ये सुरू झाले. ‘कास्त्रो नोव्हो’ हा उल्लेख मात्र १०९४ च्या लॅटिन दस्तऐवजातच सापडतो. शिवाय त्या काळी ‘कास्त्रुम’ हा शब्द केवळ किल्ल्यासाठी नव्हे, तर तटबंदीच्या वस्तीसाठीही वापरीत. तेव्हा ‘नवे तटबंद गाव’ हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. बहुधा तेराव्या शतकात त्याला ‘काल्सर्निए’ हे उपपद जोडले गेले. परिसरातील चुन्याच्या भट्ट्यांशी त्याचा संबंध लावतात. ‘पाप’ (पोप) हे पद लोकांच्या तोंडी आधीपासून असले, तरी सरकारदरबारी ते १८९३ मध्ये रुजू झाले. तोवर गाव कागदोपत्री चुन्याचेच होते.

पोपमंडळींचे नाव वाइनशी जोडतानाही थोडे सावध राहिलेले बरे. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी आव्हिन्यॉनला राहत, आणि त्यांनी येथे द्राक्षमळे राखले हे खरे. पण कार्डिनल मंडळी (पोपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी) रोमला परतायला नाखूश आहेत ती बोनच्या वाइनपायी, असा टोमणा इटालियन कवी पेत्रार्काने मारला होता, आणि बोन आहे फ्रान्सच्या दुसऱ्याच वाइनप्रदेशात, बर्गंडीत.

सोळाव्या शतकातील कॅथलिक-प्रॉटेस्टंट धर्मयुद्धांत किल्ल्याची हानी झाली. पुढे गावकऱ्यांनी घरांसाठी त्याचे दगड नेले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावला, तेव्हा मुख्य बुरुजाचा उत्तरेकडचा भाग कोसळला. दक्षिणेकडची उंच भिंत उभी आहे.

काही मळ्यांत गुळगुळीत गोट्यांचा इतका थर असतो की माती दिसतच नाही. दिवसा तापलेले हे गोटे रात्री वेलींना ऊब देतात. १९२३ पासून येथील द्राक्षमळेवाला बॅरन ल र्‌वा याच्या पुढाकाराने उत्पादकांनी नियम केले. थाइम आणि लॅव्हेंडर ही सुगंधी झुडपे उगवतात अशा कोरड्या जमिनीतच द्राक्ष लावावे, हा त्यांतला सर्वांत बोलका. १९३६ मध्ये या वाइनला अधिकृत स्थलनामांकन (ठरावीक प्रदेशात, ठरावीक नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येते, अशी मान्यता) मिळाले. द्राक्षाच्या १३ जाती चालतात, भर ग्रनाशवर.

१९५४ मध्ये गावच्या मेयरने उडत्या तबकड्यांना हद्दीवरून उडण्यास व हद्दीत उतरण्यास बंदी घातली. उतरलीच तर ती जप्त करावी, असा आदेश होता.