लाल कॅलिपर आणि मिठाच्या पाण्याचा थेंब

गाडीच्या ब्रेक कॅलिपरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडमध्ये आवळून धरणाऱ्या चिमट्याला, घरच्या घरी लालभडक रंग द्यायची सध्या हौस आहे. त्यासाठी मिळणाऱ्या काही स्प्रेच्या डब्यांवर एक आकडा ठळक छापलेला असतो: ६५० अंश सेल्सिअस. एवढ्या तापाला टिकणारा रंग आणला म्हणजे काळजी मिटली, असं गिऱ्हाइकाला वाटतं. मग पावसाळा सरतो न सरतो तोच कडेने पोपडे सुटायला लागतात आणि सगळे म्हणतात, ब्रेक तापले म्हणून रंग गेला.

आधी त्या आकड्याकडे बघू. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे अॅल्युमिनियमचा कॅलिपर खरंच तिथवर तापला, तर रंग शाबूत राहील आणि कॅलिपर हातचा जाईल! शिवाय आत ब्रेक ऑइल असतं. डॉट ४ दर्जाचं नवंकोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, आणि हवेतलं पाणी शोषलेलं किमान १५५ पर्यंत, एवढीच मानकाची अट आहे. ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. कॅलिपर रोज दोनशेच्या वर जात असेल, तर रंगाची चिंता करणारा माणूस फारच निवांत म्हणायचा. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायला कोणी विसरत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं मात्र सर्रास राहून जातं.

हिशेब सोपा आहे. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पुढच्या दोन चाकांवर त्यातली दोन तृतीयांश पडली असं धरा. ६ किलोची बिडाची डिस्क त्यामुळे साधारण ५० अंशांनी तापेल. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची ५०० मीटरच्या आसपास कमी होते. तिथे ५९ लाख ज्यूल सोडावे लागतात. गिअर न्यूट्रलला टाकून उतरणाऱ्याचा हा सगळा बोजा ब्रेकवर. डिस्क भयंकर तापते ती अशी. पण कॅलिपर तिच्यापेक्षा बराच थंड असतो, कारण मधल्या पॅडमधून उष्णता फार सहज पुढे सरकत नाही.

लाल रंगाने ब्रेक जास्त चांगले लागतात, ही समजूत तर सोडूनच द्या. रंगामुळे कॅलिपर लवकर थंड होतो, हेही फारसं खरं नाही. उष्णता बाहेर टाकताना अवरक्त किरणं महत्त्वाची, आणि त्या बाबतीत लाल, काळा, पिवळा हे सगळे रंग जवळपास सारखेच. धावत्या गाडीत मुख्य काम वारा करतो.

मग पोपडे का सुटतात? इथे मला एका जुन्या प्रयोगाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९२० च्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन दर्शक होते: शाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन, जे अल्कलीत गुलाबी होतं, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, जे विरघळलेलं लोखंड भेटलं की निळं होतं. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला, कड गुलाबी, आणि दोहोंच्या मधे तपकिरी गंजाचं कडं. लोखंड मध्यभागी विरघळतं; त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूमधूनच कडेला जातात; तिथे हवेतला ऑक्सिजन मुबलक, म्हणून ऑक्सिजन, पाणी आणि इलेक्ट्रॉन मिळून हायड्रॉक्साइड तयार होतं. एका थेंबात आख्खा विद्युतघट!

आता हाच घट रंगाखाली बसवा. दगड उडून बिडाच्या कॅलिपरवर ओरखडा पडला. उघडं लोखंड तिथे विरघळतं. कड मात्र आता रंगाखाली लपलेली असते. रंगाचा थर पाणी आणि ऑक्सिजन पुरता अडवत नाही, दोन्ही त्यातून झिरपतात. तो अडवतो ते मुख्यतः आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. पण ओरखड्यातून मिठाचे सोडियम आयन रंग आणि धातू यांच्या सांध्यातून आत सरकतात, तिथे तयार होणाऱ्या ऋणभारित हायड्रॉक्साइडला जोडीदार मिळतो आणि रंगाखाली चक्क कॉस्टिक सोडा बनतो. सामू (pH) १२ च्याही वर जाऊ शकतो. साध्या ऑइलपेंटचा पाया म्हणजे अल्किड नावाचं रेझिन, आणि अल्किडमध्ये तेला-तुपात असतात तसे एस्टर बंध असतात. एस्टर अधिक कॉस्टिक सोडा म्हणजे साबण. होय, रंगाची खालची बाजू अक्षरशः साबण होते आणि पकड सोडते. मागून गंज येतो, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखा रंग वर उचलला जातो. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत हे झपाट्याने का होतं, याचं उत्तर त्या सोडियममध्ये आणि ओल धरून ठेवणाऱ्या मिठात आहे.

म्हणून रंगापेक्षा रंगाआधीचा अर्धा दिवस महत्त्वाचा. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा. मग कॅलिपर साबणाच्या आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. मीठ पाण्यानेच जातं, थिनरने नाही. वाळल्यावर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि शेवटी ब्रेक क्लीनर. रबरी बूट, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन, ऑइलमधली हवा काढायचं ब्लीड निप्पल आणि पॅड सरकतात त्या जागा मास्किंग टेपने झाका. पिनवर रंग गेला तर कॅलिपर जाम होऊन पॅड एकाच बाजूने झिजतात.

रंग कोणता? सायलेन्सरसाठीच्या सिलिकॉन रंगांत सिलिकॉन-ऑक्सिजन बंध असतो, तो कार्बन-कार्बन बंधापेक्षा दणकट, म्हणून ताप सोसतो. पण असे बरेच रंग पूर्ण पक्के व्हायला दोनशे अंशांच्या आसपासची भट्टी मागतात. कॅलिपर तिथवर जात नाही, जाऊही नये, आणि रंग कायमचा अर्धाकच्चा राहतो. त्यामुळे कॅलिपरसाठीच बनवलेला, हार्डनर मिसळायचा दोन भागांचा इपॉक्सी मला जास्त पटतो. अमाइन हार्डनरच्या इपॉक्सीच्या साखळीत एस्टर बंध नसल्याने त्याचा साबण होत नाही. उन्हात तो पिवळट पडतो खरा, पण कॅलिपरला चाकाआड ऊन कितीसं लागतं? पॉलियुरेथेनही चालतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वसनाला घातक, तेव्हा घरी फवारण्यापेक्षा ब्रशने लावा, तेही उघड्यावर.

एक शत्रू अजून उरतो, तो म्हणजे ब्रेक ऑइलच. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइलमध्ये ग्लायकॉल इथर असतात, आणि रंगांच्या थिनरमध्येही याच कुळातली रसायनं वापरतात. कच्च्या रंगावर ते सांडलं तर रंग फुगून सुटतो. सांडलंच तर फडक्याने घासत बसू नका, भरपूर पाणी ओता. ते पाण्यात सहज मिसळतं आणि वाहून जातं.