जुने स्पीकर कम्प्युटरला जोडायचा छंद आला कुठून

जुन्या रेडिओतले नाहीतर म्युझिक सिस्टीमचे स्पीकर काढायचे, छोटा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं सर्किट) बसवायचा आणि कम्प्युटरला लावायचे, हा उद्योग आता बरेच जण करतात. पण तो का जमतो, त्यामागे बराच इतिहास आहे.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे कागदी कोन, त्याला चिकटलेली तारेची कॉईल आणि मागे मॅग्नेट, ते डिझाईन १९२५ मधे जनरल इलेक्ट्रिकच्या राईस आणि केलॉग यांनी मांडलं (कॉईल हलवायची कल्पना त्याच्याही आधीची, ऑलिव्हर लॉजचं पेटंट १८९८ चं). पुढे मटेरियल बदललं पण तत्त्व तेच राहिलं, म्हणून धड अवस्थेतला साठ वर्षं जुना स्पीकर आजच्या अ‍ॅम्पवर बिनतक्रार वाजतो. जुनं झालं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं.

अपवाद एकच, १९३० च्या दशकातले फील्ड कॉईलवाले. तेव्हा कायमचे मॅग्नेट पुरेसे ताकदीचे आणि स्वस्त नव्हते, म्हणून इलेक्ट्रोमॅग्नेट वापरायचे आणि तीच कॉईल रेडिओच्या पॉवर सप्लायमधे चोक (सप्लायमधली गुणगुण गाळणारी कॉईल) म्हणूनही राबवायचे, डोकं बघा त्या लोकांचं! पण असा स्पीकर नुसत्या अ‍ॅम्पवर नीट वाजणारच नाही, कॉईलला वेगळा डीसी सप्लाय लागतो आणि तो बऱ्याचदा जीवघेण्या व्होल्टेजचा, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. नंतर कोबाल्ट घातलेले अल्निको मॅग्नेट आले, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी कोबाल्ट पुरवणाऱ्या झैरेतल्या (आताचा काँगो) लढाईमुळे कोबाल्ट भयंकर महागलं तेव्हा बहुतेक सगळे फेराइट मॅग्नेटकडे वळले.

आता खरी गंमत. वॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत अ‍ॅम्प मोजक्या वॉटचा असायचा, म्हणून कोन हलका आणि खोकं मोठं ठेवून थोड्या पॉवरमधे जास्त आवाज काढावा लागायचा. १९५४ मधे एडगर विल्चरने एआर-१ नावाचा स्पीकर काढला, बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान खोक्यातून दणदणीत बेस, पण त्याला पॉवर भरपूर लागायची. ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि मग सगळ्यांनी हाच रस्ता धरला. म्हणजे पाच-दहा वॉटचा छोटा बोर्ड वापरणार असाल तर वॉल्व्हच्या काळातला स्पीकर जास्त मोठ्याने वाजतो, फक्त त्याच्याकडून खोल बेसची अपेक्षा ठेवू नका.

कम्प्युटरच्या बाजूला बघितलं तर १९८१ च्या आयबीएम पीसीत नुसता बीप करणारा स्पीकर होता, १९८९ ला आवाजासाठीचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि त्यानंतर टेबलावर प्लास्टिकचे चिमुकले स्पीकर दिसायला लागले. मोठे चांगले स्पीकर तेव्हाच का नाही लावले? एक कारण जागा, दुसरं म्हणजे सीआरटी (काचेच्या मोठ्या नळीचा जुना) मॉनिटर, त्याच्या शेजारी उघडं मॅग्नेट आलं की स्क्रीनवर रंगांचे डाग पडायचे, म्हणून शील्ड केलेलेच घ्यावे लागायचे. एलसीडी आल्यावर ती कटकट संपली.

राहिला अ‍ॅम्प. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पला जाड ट्रान्सफॉर्मर आणि मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवा, तो स्पीकरच्या खोक्यात कोंबणं अवघडच. क्लास-डी चिप (सिग्नल झपाट्याने चालू-बंद करत वाढवणारी) अगदी कमी तापते, त्यामुळे आधी ट्रायपाथची टीए२०२०, मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ अशा चिपचे तळहाताएवढे बोर्ड लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवर चालायला लागले (व्होल्टेज बोर्डाला चालतं का ते मात्र बघून घ्यायचं), आणि हौशी लोकांना रान मोकळं झालं.

एक मात्र आहे, जास्त जुना म्हणजे जास्त खराब असं इथे चालत नाही. कडेला कापड किंवा दुमडलेला कागद असलेले १९५० चे कोन अजून धडधाकट सापडतात आणि १९७०-८० मधल्या भारी सिस्टीमची फोमची कड मात्र बोट लावलं की भुगा होते, कारण तो फोम हवेतल्या दमटपणानेच सडतो. ती कड नवीन चिकटवता येते. क्रॉसओव्हरमधले (बेस आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतील तर तेही त्याच वेळी बदलून टाकायचे.