टीव्हीला शिव्या देणारं गाणं आणि टीव्हीच्या भिंतीसमोरचा मंच

‘डिस्पोजेबल हीरोज ऑफ हिपहॉप्रिसी’ या अमेरिकन रॅप ग्रुपच्या नावापासूनच गुंता आहे. हिप-हॉप आणि हिपॉक्रिसी, म्हणजे ढोंग, हे दोन शब्द एकमेकांत कोंबून ‘हिपहॉप्रिसी’ केलंय. आणि त्याआधी ‘डिस्पोजेबल हीरोज’, म्हणजे वापरून फेकून द्यायचे नायक. १९९२च्या अल्बमचं नावही त्याच जातीचं: ‘हिपॉक्रिसी इज द ग्रेटेस्ट लक्झरी’. ढोंग हीच सगळ्यांत मोठी चैन. कोणी ढोंगी म्हणायच्या आत यांनी स्वतःच दारावर पाटी लावून टाकली.

त्याआधीचं थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोत ‘बीटनिग्ज’ नावाचा, पंक (राकट, बंडखोर रॉक) आणि इंडस्ट्रियल (यंत्रांच्या गोंगाटाचं संगीत) यांच्या मधला एक बँड होता. लोखंडावर ग्राइंडर धरायचा, ठिणग्या उडवायच्या, तोच ताल. १९८८ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. पुढे त्यातला खर्जातल्या आवाजाचा गायक आणि ठिणग्यावाला तालवादक असे दोघं १९९०च्या सुमारास वेगळे झाले, त्यांनी हा ग्रुप काढला, आणि निघताना ‘टेलिव्हिजन’ हे टीव्हीला शिव्या देणारं गाणंही बरोबर घेऊन गेले.

मग आखाती युद्ध आलं. आपल्याकडेही सीएनएन त्याच निमित्ताने आधी हॉटेलांत आणि मग गल्लीतल्या केबलवर शिरलं. अल्बममध्ये या युद्धावर ‘द विंटर ऑफ द लाँग हॉट समर’ आहे; खरं तर ते गाण्यापेक्षा तारीखवार बातमीपत्रच जास्त वाटतं. त्याहून धारदार ‘लँग्वेज ऑफ व्हायलन्स’: समलैंगिक म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाचा जीव जातो, आणि मारणारा तुरुंगात गेल्यावर स्वतःच सावज होतो. त्या काळच्या रॅपमध्ये ही बाजू घेणारे फार थोडे होते. ‘कॅलिफोर्निया यूबर आलेस’ हे मूळचं १९७९चं पंक गाणं. ज्या गायकाच्या रेकॉर्ड कंपनीने बीटनिग्जचा अल्बम काढला, त्याच्याच बँडचं. त्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरची खिल्ली होती; यांनी गव्हर्नर बदलून ते ताजं केलं.

अडचणीचा निर्णय आला तो त्याच वर्षी. एका बड्या आयरिश रॉक बँडचा ‘झू टीव्ही’ दौरा अमेरिकेतल्या स्टेडियममधून चालला होता: पडद्यांच्या भिंती, वर टांगलेल्या पूर्व जर्मन ट्राबांट गाड्या. कार्यक्रमाआधी यांचं ‘टेलिव्हिजन’ वाजायचं. मग सुरुवातीचा बँड म्हणून यांनाही बोलावणं आलं आणि हे गेले. पंकच्या घरातून आलेल्यांनी स्टेडियमची बिदागी घ्यावी का? पहिला बँड वाजतो तेव्हा निम्मे लोक खुर्चीचा नंबर शोधत असतात. त्यांच्यासमोर टीव्ही हे राष्ट्राचं व्यसन आहे असं ओरडायचं, तेही टीव्हीच्या भिंतीपुढे उभं राहून. दौऱ्याचा सूरही टीव्हीची टिंगल करण्याचाच होता, हा बचाव आहे. पण टिंगल तिकीट लावून चालली होती.

मला तरी या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. टीव्हीविरुद्धच्या गाण्याचा टीव्हीसाठी व्हिडिओ करून झालाच होता. त्यांची रेकॉर्ड कंपनीही १९८९पासून एका बहुराष्ट्रीय समूहाच्या ताब्यात होती. तडजोड करायचीच तर ती आधीच झाली होती, आणि तिची कबुली अल्बमच्या मुखपृष्ठावर छापलेली होती. शिवाय त्या दौऱ्यामुळे जेवढ्या कानांवर हे गाणं पडलं, तेवढे कान सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत कुठून येणार?

बाजार मात्र दुसरीकडेच वळला. १९९२च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधून आलेल्या एका गँगस्टा रॅप (गुंडगिरीच्या जगण्यावरचं रॅप) अल्बमने रेडिओचा सूर बदलला. १९९३ मध्ये यांनी बीट पिढीतल्या (१९५०च्या दशकातले बंडखोर अमेरिकन लेखक) एका वृद्ध लेखकाच्या वाचनाला संगीत दिलं, तोही अल्बम आला आणि ग्रुप संपला. त्यांचा गिटारवाला, बेस आणि गिटार एकाच वाद्यावर वाजवणारा, जॅझमध्ये नावारूपाला आला. गायकाने १९९४ मध्ये फंक-सोलकडे झुकणारा नवा बँड काढला. २००९च्या सुमारास त्याच बँडचं एक गोड प्रेमगीत रेडिओवर गाजलं. त्या गाण्यावरून मागे मागे येत जो इथवर पोचेल, तो बहुधा पहिल्याच गाण्याला आवाज कमी करेल.