पार्श्वभूमी: नवी सिस्टीम टाकताना टचपॅड का चालत नाही

इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर बाण दिसतो, कीबोर्ड चालतो, पण टचपॅडवर कितीही बोट फिरवा, बाण जागचा हलत नाही. टचपॅड गेला किंवा पेन ड्राइव्ह नीट बनला नाही, अशी पहिली शंका येते. मूळ मात्र २०१२ च्या सुमारास झालेल्या बदलात आहे.

त्याआधी ही भानगड फारशी नव्हती. १९८७ मध्ये आलेल्या पीएस/२ जोडणीवर टचपॅड स्वतःला साधा माउस म्हणवून घ्यायचा. तीन बाइटचं पॅकेट, त्यात बटणं आणि हालचाल; एवढं तर कुठल्याही इन्स्टॉलरला समजत असे. टॅप, स्क्रोल वगैरे नंतर ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून मिळायचं.

दोन-तीन बोटांचे हावभाव आले आणि ही वाट अपुरी पडू लागली. विंडोज ८ च्या वेळी आयटूसी या दोन तारांच्या जुन्या बसवरून (चिपांना जोडणाऱ्या वाटेवरून) एचआयडी, म्हणजे माउस-कीबोर्डसारख्या उपकरणांची ठरलेली भाषा, नेण्याचा सामायिक नियम ठरला. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २०१३ च्या सुरुवातीला, ३.८ कर्नेलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) आला. आता प्रत्येक टचपॅडला वेगळा ड्रायव्हर नको, हा त्यामागचा मोठा फायदा. तो खरा, पण अर्धाच. टचपॅडचा ड्रायव्हर सगळ्यांना एक झाला. बस चालवणारा कंट्रोलर मात्र चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीच्या चिपांचा, आणि त्याचा ड्रायव्हर पिढीगणिक नवा लागू शकतो. शिवाय 'बोट लागलं' हा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला जागं करणारा इशारा, बऱ्याचदा जीपीआयओ या चिपसेटच्या सर्वसाधारण पिनवरून येतो, म्हणजे तिसरा ड्रायव्हर. एक दुवा तुटला की सगळं ठप्प. अनेक लॅपटॉपांचा कीबोर्ड अजून जुन्याच वाटेवर असल्यामुळे तो या गोंधळातून सुटतो.

वाद आहे तो जुनी वाट बंद करण्याचा. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टचपॅडसाठी 'बेसिक' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' असे पर्याय असतात. बेसिक निवडला की टचपॅड पीएस/२ माउससारखा वागतो आणि इन्स्टॉलेशन निभावतं. अनेक मॉडेलांत हा पर्याय नाहीच. दोन वाटा तपासायचा खर्च आणि बेसिकवर हावभाव चालत नसल्याच्या तक्रारी, ही उत्पादकांची बाजू समजण्यासारखी आहे. तरीही पर्यायी वाट काढून टाकताना कंट्रोलरचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये असेलच याची हमी कुणी घेतली नाही. विंडोज ११ च्या सेटअपमध्येही नव्या लॅपटॉपांवर नेमकं हेच आडवं येतं.

सर्वांत वाईट हाल झाले ते २०१५ नंतरच्या प्रोसेसरांवर विंडोज ७ टाकणाऱ्यांचे. चिपसेटमधून जुना यूएसबी कंट्रोलर गेला होता आणि नव्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नव्हता, त्यामुळे बाहेरून लावलेला माउसही निपचित. ड्रायव्हर आधीच इमेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये, घालून घ्यावे लागत.

लिनक्सची अडचण थोडी निराळी. २०२० मध्ये काही गेमिंग लॅपटॉपांवर टचपॅड ओळखला जायचा, पण बाण हलायचा नाही. इंटरप्टची वाट न पाहता सतत विचारणा करत राहावी, असा तोडगा सुचवला गेला. दोष शेवटी जीपीआयओ ड्रायव्हरच्या फिल्टरमध्ये निघाला आणि दुरुस्ती तिथेच झाली. म्हणून लिनक्सवर पहिला उपाय म्हणजे ताज्या कर्नेलची इमेज. विंडोजवर यूएसबी माउस किंवा टॅब, स्पेस, एंटरच्या भरवशावर सेटअप पुरा करायचा, मग चिपसेट, सीरियल आयओ (इंटेलच्या आयटूसी कंट्रोलरचा) आणि जीपीआयओचे ड्रायव्हर टाकायचे. टचपॅडचं स्वतंत्र पॅकेज आधी टाकून उपयोग नसतो. बसच जागी नसेल तर ते टचपॅड शोधणार कुठे?