ग्रेस केलीच्या आधीची अमेरिकन प्रिन्सेस

मोनॅको या चिमुकल्या युरोपीय संस्थानाच्या राजघराण्याची अमेरिकन सून म्हटलं की ग्रेस केलीच आठवते. हॉलिवूडची नटी, १९५६ सालचं ते गाजलेलं लग्न, सगळं जगाला पाठ. पण त्याच घराण्यात ६६ वर्षं आधी दुसरी एक अमेरिकन सून येऊन गेली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. तिचं नाव अ‍ॅलिस हाइने.

अ‍ॅलिस १८५८ साली न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये जन्मली. वडील मिशेल हे मूळचे ज्यू घराण्यातले, कवी हाइनरिश हाइने यांचे नातलग. आईचं घराणं कॅथलिक. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा कुटुंबाने पॅरिस गाठलं. तिथे हाइने पेढी थेट तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला कर्ज देत होती, तेव्हा दरबाराचे दरवाजे उघडायला वेळ लागला नाही. १८७५ मध्ये अ‍ॅलिस रिशल्यूच्या ड्यूकची पत्नी झाली. पाच वर्षांत ड्यूक वारला. दोन लहान मुलं, भरपूर पैसा आणि विशीतलं वैधव्य.

इकडे मोनॅकोचे दिवस नुकते पालटले होते. १८६१ मध्ये मांतों आणि रोकब्रून ही गावं ४० लाख फ्रँकच्या मोबदल्यात फ्रान्सला देऊन टाकावी लागली आणि संस्थान जेमतेम एका गावाएवढं उरलं. फ्रांस्वा ब्लां या व्यावसायिकाने तिथला कॅसिनो, म्हणजे जुगारघर, हाती घेतला आणि चित्र बदललं. जुगाराचं उत्पन्न इतकं, की १८६९ मध्ये प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ झाले. श्रीमंती आली, प्रतिष्ठा मात्र येईना. युरोपातल्या सभ्य घरांत माँटे कार्लोचं, म्हणजे मोनॅकोतल्या त्या कॅसिनोच्या वस्तीचं, नाव नाक मुरडूनच घेतलं जाई.

गादीचा वारस आल्बेर याचा जीव समुद्रात. पहिलं लग्न १८८० मध्ये रद्दबातल ठरलेलं. वडील तिसरे चार्ल्स सप्टेंबर १८८९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबरला, आल्बेर व अ‍ॅलिसचं लग्न लागलं. तिच्या नावाने त्याने संशोधनाची दोन जहाजं बांधली. अझोर्स बेटांजवळ समुद्राखाली सापडलेल्या एका उंचवट्यालाही तिचंच नाव दिलं. १९०१ च्या सफरीत ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’वर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी विषारी समुद्री जीवांवर प्रयोग सुरू केले. त्यातूनच पुढे अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, उलगडली आणि १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं.

नवरा समुद्रावर असताना अ‍ॅलिसने लक्ष घातलं ते माँटे कार्लोच्या ऑपेरात, म्हणजे तिथल्या संगीत नाटकांत. वास्तुविशारद शार्ल गार्निएने बांधलेलं ते देखणं नाट्यगृह कॅसिनोलाच लागून होतं. १८९२ मध्ये राउल गुन्सबुर्ग संचालक म्हणून आला, अर्थातच तिच्या पाठबळावर. १८९३ मध्ये संगीतकार बर्लिओझचं, एरवी मैफलीत सादर होणारं ‘फाउस्ट’ त्याने ऑपेरा म्हणून रंगमंचावर उभं केलं. फ्रेंच संगीतकार मासनेचे नवे ऑपेरे प्रथम इथेच होऊ लागले. मला तर हेच तिचं खरं कर्तृत्व वाटतं. पत्ते कुटायच्या गावाला लोक गाणं ऐकायला येऊ लागले, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

या ऑपेरानेच संसारही मोडला म्हणायचा. इसिदोर द लारा या संगीतकाराशी तिचं नाव जोडलं गेलं. आल्बेरने तिला नाट्यगृहात चारचौघांत थोबाडीत मारली, असं सांगतात. १९०२ मध्ये दोघं कायद्याने विभक्त झाली. घटस्फोट मात्र कधीच झाला नाही, त्यामुळे १९२२ मध्ये तो गेला तेव्हाही ती त्याची पत्नीच होती. ती स्वतः डिसेंबर १९२५ मध्ये पॅरिसला वारली.

आल्बेरपासून तिला मूल नव्हतं. गादी त्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे, दुसऱ्या लुईकडे गेली. आजचे राज्यकर्ते त्याच शाखेतले, म्हणून घराण्याच्या वंशावळीत अ‍ॅलिसची फांदी पुढे सरकतच नाही. आल्बेर मात्र विभक्त झाल्यानंतरही, १९०६ आणि १९०७ मध्ये, उत्तर ध्रुवाकडे स्पिट्सबर्गेनला गेला तो ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’मधूनच. जहाजाचं नाव बदलायच्या फंदात तो पडला नाही.